पालथी वाटी, गोल झाकण आणि सव्वादोन वर्षांचं लेकरू

तेरणाकाठ (लातूर), रविवार, रात्री १०:१२

धागा लांबणार आहे, आधीच सांगते. लेकरू झोपलंय, ह्यांची मॅच चालू आहे, म्हणजे मला अर्धा तास कुणी हाक मारणार नाही.

आमचा बाळ्या सव्वादोन वर्षांचा. दिवाळीत मामानं त्याला तो आकारांचा डबा आणला. झाकणाला गोल, चौकोनी, त्रिकोणी, चांदणीची भोकं, आणि त्या त्या भोकातून ठोकळे आत टाकायचे. चार दिवस कौतुक झालं. पाचव्या दिवशी साहेबांनी झाकणच उचकटलं आणि सगळे ठोकळे एकदम आत ओतले. मी कपाळाला हात लावला, तर सासूबाई म्हणाल्या, "हुशारच की मग! एकेक टाकत कशाला बसंल ते?"

पण त्या डब्याकडं बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ठोकळा हातात आहे, भोक समोर आहे. दोन्ही डोळ्यांपुढंच. मनगट फिरवायला शिकतो, नजर आणि हात जुळतात, ते चांगलंच आहे. पण डोक्यात धरून ठेवायला त्यात काहीच नाही. वर्किंग मेमरी म्हणतात ती इथं लागतच नाही. वर्किंग मेमरी म्हणजे नजरेआड झालेली गोष्ट काही क्षण मनात धरायची आणि तेवढ्यात तिच्यावरच काम करायचं. कुणी फोनवर नंबर सांगितला की कागद सापडेपर्यंत आपण तो पुटपुटत राहतो ना, ते. आणि मध्येच कुणी "चहा ठेवू का?" विचारलं की शेवटचे चार आकडे गायब.

म्हणून मी डबा माळ्यावर टाकला (दोन तासांत रडून खाली आला, तो भाग वेगळा) आणि स्वयंपाकघरातच खेळ मांडला.

दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या. बाळ्याच्या देखत एकीखाली पाण्याच्या बाटलीचं निळं बूच, दुसरीखाली चपलांच्या खोक्यातून कापलेला पुठ्ठ्याचा चौकोन. मी मनात पाच आकडे मोजते आणि विचारते, "चौकोन कुठाय?" पाच आकड्यांना तो बिनचूक. दहाला दोनदा बरोबर, एकदा चूक. मग मधल्या वेळात मी विचारलं, "मांजर कसं ओरडतं?" म्याँव करून झालं आणि गडी वाट्यांकडं असा बघायला लागला, जणू त्या आत्ताच कुणीतरी आणून ठेवल्यात.

खरी गंमत पुढं. तीनदा सलग चौकोन डाव्या वाटीखाली ठेवला. चौथ्यांदा त्याच्या डोळ्यांदेखत उजवीखाली ठेवला, म्याँव म्हणायला लावलं आणि विचारलं. त्याची नजर उजवीकडं गेली आणि हात गेला डावीकडं! वाटी उचलली, खाली बूच. माझ्याकडं असं बघितलं की मीच फसवलंय.

दुसरा खेळ म्हणजे वस्तू आणायचा. पुठ्ठ्याचे गोल, चौकोन, त्रिकोण आतल्या खोलीत पलंगावर ठेवते आणि ओट्यापाशी उभी राहून सांगते, "त्रिकोण आण." मध्ये आठ-दहा पावलांची वाट. त्या वाटेत त्याला त्रिकोण डोक्यात न्यावा लागतो. काल त्रिकोण आणायला गेला आणि आजोबांचा चष्मा घेऊन आला. अगदी अभिमानानं.

कुणी असं काही घरी करतं का? दिवसातून किती वेळ करावं? आणि मी उगाच लेकराच्या मागं लागलेय असं वाटत असेल तर तेही सांगा, राग नाही.

हुरडापार्टी (छ. संभाजीनगर), रविवार, रात्री १०:३१

चष्म्याला दोन गोल असतात. लेकरू अर्धं बरोबर आहे.

बाभूळबन (परभणी), रविवार, रात्री १०:४८

ताई, राग नाही म्हणालात म्हणून लिहितो. आम्ही सहा भावंडं. आईला आमची नावं पाठ होती हेच पुष्कळ, वर्किंग मेमरी कोण बघतंय. गोट्या, विटीदांडू, चिंचेखालचा धुरळा, त्यातच झालं सगळं. आता खेळालाही "याच्यानं काय वाढतं?" असं विचारायचं दिवस आलेत. लेकराला वाटीखाली बूच सापडलं तर सापडलं, नाही तर नाही. त्याचं मोजमाप कशाला?

तेरणाकाठ, रविवार, रात्री १०:५५

मोजमाप नाही हो दादा. पण तो चुकतो कुठं ते बघायला मला फार मजा येते, खरं सांगते. झोपते आता.

खडूफळा (नांदेड), सोमवार, सकाळी ७:०५

मी डी.एड.ला बालमानसशास्त्र शिकवायचो. निवृत्त आहे, म्हणून सकाळी सातला लिहायला वेळ आहे.

तेरणाकाठ, तुमच्या बाळ्याचा हात जुन्या वाटीकडं गेला ना, त्यावर मानसशास्त्रात ढीगभर कागद खर्ची पडलेत. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं तान्ह्या मुलांत ही चूक टिपली होती. वस्तू 'अ' जागी दोन-तीनदा सापडली की नंतर देखत 'ब' जागी लपवली तरी बाळ 'अ'कडंच हात घालतं. पुढं अ‍ॅडेल डायमंड या संशोधिकेनं मधला वेळ मोजला. साडेसात महिन्यांचं बाळ दोन सेकंदही थांबवलं तरी चुकतं. वर्षाचं होईपर्यंत ते दहा सेकंदांचा खंड पेलतं. म्हणजे महिन्याला साधारण दोन सेकंदांची वाढ. आणि नजर बरोबर, हात चूक हे तिनंही पाहिलं होतं. माहिती डोक्यात असते, पण हाताला लागलेल्या जुन्या सवयीला आवरायची ताकद अजून आलेली नसते. ती ताकद मेंदूच्या पुढच्या भागाकडं असते आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. तेव्हा बाळ्याला घाई नको.

तुमचं लेकरू मोठं आहे, सरळ खेळात ते चुकत नाही. तुम्ही मध्ये मांजर घातलंत म्हणून चुकलं.

आता थोडी शिकवणी, सवय जात नाही. १९७४ मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी वर्किंग मेमरीचं जे चित्र मांडलं, त्यात दोन फळ्या आणि एक हेडमास्तर आहे. एका फळीवर आवाज घोळतो, म्हणजे पुटपुटणं. दुसरीवर चित्र आणि जागा. हेडमास्तर ठरवतो की लक्ष कुठं द्यायचं. वाटीखाली चौकोन धरायचा तो चित्राच्या फळीवर. "मांजर कसं ओरडतं" विचारलं की हेडमास्तर तिकडं धावतो आणि इकडं फळी पुसली जाते. फळी किती मोठी? १९५६ मध्ये जॉर्ज मिलरनं सात, अधिक-उणे दोन, असा आकडा सांगितला आणि तो फार गाजला. २००१ मध्ये नेल्सन कोवननं दाखवलं की पुटपुटायला, गट पाडायला वाव दिला नाही तर मोठ्या माणसाचीही मजल चारच्या आसपास. आपल्याच फळीवर चार नग मावत असतील तर दोन वर्षांच्या लेकरानं एक नीट धरला, फार तर दोन, तर ते भरून पावलं.

म्हणून खेळ अवघड करायचा तर वेळ वाढवा, किंवा वाट्या वाढवा, किंवा मध्ये मांजर घाला. तिन्ही एकदम केलंत तर लेकरू हरेल आणि उठून जाईल.

बाभूळबन यांचं म्हणणं मी सोडून देत नाही. त्यावर संध्याकाळी.

दोन पिल्लं (जालना), सोमवार, दुपारी २:२०

माझा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे म्हणून इथंच विचारते. धाकटी दोन वर्षं आठ महिन्यांची. इथल्या एका प्लेस्कूलमध्ये घालायला गेलो तर बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं, "मेमरी वीक आहे, शेप्स येत नाहीत." आणि लगेच कपाटातून किट काढलं, साडेतीन हजाराचं. मी घेतलं नाही, पण घरी येऊन रडले. शेजारचं पोर अडीच वर्षांचं, ते "हेक्झागॉन" म्हणतं. आमची गोलाला "पोळी" म्हणते आणि चौकोनाला काहीच म्हणत नाही.

ताई अंगणवाडीवाली (बीड जिल्हा), सोमवार, दुपारी ३:४०

दोन पिल्लं ताई, रडू नका. मी सेविका आहे, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

गोलाला पोळी म्हणायलीय म्हणजे तिला गोल कळालाय की! पोळी गोल असते हे तिचं तिनं जुळवलं. नाव आज ना उद्या येतंय. आमच्यात आधी जोडी लावायला देतात, ह्याच्यासारखं दुसरं उचल. मग "गोल दाखव" म्हणायचं. "हे काय आहे?" हे सगळ्यात शेवटी. त्या बाईंनी शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारला.

पण एक गोष्ट मात्र बघा. "चप्पल आण" असं नुसतं तोंडानं, बोट न दाखवता सांगितलं तर आणते का? अडीच वर्षांच्या पुढं "चप्पल ठेव आणि दार लाव" अशी दोन कामं बहुतेक लेकरं करतात. ते होत असेल तर निवांत राहा. एक कामही होत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, किंवा आधी बोलायची ते शब्द गेले असतील, तर आधी कान तपासून घ्या. आरबीएसकेचं (सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, फुकट तपासतं, गरज पडली तर जिल्ह्याला पाठवतं. साडेतीन हजाराची काहीच गरज नाही.

दोन पिल्लं, सोमवार, दुपारी ३:५८

चप्पल आणते. माझीच लपवते पण. दार लावते, कडी घालते, आतून. खूप खूप आभार ताई.

खडूफळा, सोमवार, संध्याकाळी ६:३०

ताईंनी सांगितलेल्या तीन पायऱ्यांसारख्याच पायऱ्या फ्रान्सच्या डॉक्टर सेगाँ यांच्या. माँटेसरी बाईंनी त्या उचलल्या आणि १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहापासून जगभर गेल्या.

आता बाभूळबन. तुमची शंका संशोधकांनाही होती. वर्किंग मेमरीच्या सरावाचे बरेच कार्यक्रम संगणकावर निघाले, विकले गेले. २०१३ मध्ये मेल्बी-लेर्वाग आणि हुल्म यांनी त्यांवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. मुलं ज्या कामाचा सराव करतात त्यात आणि तशाच कामांत सुधारतात, पण त्यातून वाचन सुधारलं, गणित सुधारलं, असं काही हाती लागलं नाही. सुधारलेलंही बरंचसं पुढं टिकत नाही. तेव्हा वाट्यांच्या खेळानं बाळ्या दहावीला बोर्डात येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग खेळायचं कशाला? माझं मत सांगतो. या खेळात आई समोर बसते, लेकरू तिच्या तोंडाकडं बघतं, वाट बघतं, चुकतं, हसतं. "खाली", "मागं", "आता", "मगाशी" असे शब्द त्याच्या कानावर पडतात, आणि हातात ती वस्तू असतानाच पडतात. आणि आईला कळतं की याला एका वेळी किती सांगावं. "हात धू, कपडे काढ, टोपलीत टाक आणि इकडं ये" असं एका दमात सांगून लेकरू ऐकत नाही म्हणून चिडणाऱ्या शेकडो आया मी पाहिल्यात. बापही. ते ऐकत नाही असं नसतं, चौथं वाक्य येईपर्यंत पहिलं पुसलेलं असतं. वाट्यांचा खेळ एकदा खेळलेली आई अशी चार कामं एका दमात सांगत नाही.

बाभूळबन, सोमवार, रात्री ९:१५

सर, हे पटलं. शेवटचं तर घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "बापही" हे परत वाचा.

आजी ऑनलाइन (औसा), मंगळवार, सकाळी ११:१०

तुमच्या वाट्या म्हणजे आमची झाकली मूठ. चिंचोका एका मुठीत लपवायचा, दोन्ही मुठी पाठीमागं न्यायच्या, पुढं आणायच्या, "कोणत्या मुठीत?" माझे सगळे नातू यावर वाढले. एकदा बरोबर आलं की चिंचोका त्याचा. नातवंडं हल्ली चिंचोका बघून "आज्जी हे काय?" विचारतात ते वेगळं.

बाकी, त्रिकोण शिकवायला पुठ्ठा कशाला कापता? शंकरपाळे करायला घ्या. पोळी लाटली की गोल. आडवे काप दिले की पट्ट्या. तिरके दिले की शंकरपाळे, आणि कडेला जे तुकडे उरतात ते त्रिकोण. ते कडेचे तुकडे लेकराला द्यायचे. माझ्या धाकट्या सुनेला वाटतं मी फक्त खायला घालते.

हुरडापार्टी, मंगळवार, सकाळी ११:२५

आजी, कडेचे तुकडे हा आमच्याही बालपणाचा मुख्य अभ्यासक्रम होता.

देगलूरकरीण, मंगळवार, दुपारी १:०२

माझी ड्यूटी लहान मुलांच्या वॉर्डात असते, त्यामुळं रंगाचा बेरंग करणारं लिहावंच लागणार. माफ करा आजी.

चिंचोका नको. तेरणाकाठ ताई, ते निळं बूचही नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, म्हणून बाद. १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे तेही बाद, आणि बाटलीचं बूच जवळपास तेवढंच. शेंगदाणे, हरभरे, सीताफळाच्या बिया, गोट्या, खेळण्यातल्या बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या (या तर सगळ्यात वाईट, गिळल्या तर आतून भाजतात, तासाभराचाही वेळ घालवू नका). वर्षातून काही आया आमच्याकडं धावत येतात आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य तेच, "आत्ता हातात होतं."

गोल हवा तर हळदीच्या डब्याचं झाकण घ्या. तळहाताएवढा आकार बरा.

एक माझंही विचारायचंय. आमच्या घरी सासूबाई तेलुगू, मी मराठी. सासूबाई गोलाला "गुंड्रम" म्हणतात, मी गोल म्हणते. मुलगा दीड वर्षाचा आहे. गोंधळ होईल का?

खडूफळा, मंगळवार, दुपारी ४:४५

होणार नाही. दोन्ही बोलू द्या. देगलूर-बिलोलीकडची अर्धी मुलं अशीच वाढतात. प्रत्येक माणसाची त्याची एक भाषा ठेवलीत तर तो आजीला गुंड्रम देईल आणि तुम्हाला गोल.

तेरणाकाठ, मंगळवार, रात्री ९:५०

बूच कचऱ्यात गेलं. खरंच डोक्यात आलं नव्हतं, हात जोडते. आता हळदीचं झाकण आणि मिसळणाच्या डब्यातली मधली वाटी. बाळ्याचे हात पिवळे आणि माझी वाटीही पिवळी.

हुरडापार्टी, बुधवार, दुपारी १२:१५

भाची आलीय, तीन वर्षांची. मीही प्रयोग केला. पुठ्ठ्याचे लाल गोल, निळे गोल, लाल चौकोन, निळे चौकोन. दोन ताटल्या. आधी सांगितलं, लाल या ताटलीत, निळे त्या ताटलीत. झकास लावले. मग म्हटलं, आता रंग बघायचा नाही, गोल इकडं आणि चौकोन तिकडं. "हो मामा." आणि परत रंगानंच लावले! विचारलं, "गोल कुठं टाकायचे?" बोटानं बरोबर ताटली दाखवते. हातात लाल चौकोन दिला की लालमध्येच. चार वेळा केलं. ऐकायलीय, कळायलंय, पण हात ऐकेना. तिचा राग नाही, मलाच धक्का बसला.

खडूफळा, बुधवार, दुपारी २:३०

तुम्ही न कळत एक प्रसिद्ध चाचणी घेतलीत. फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पत्त्यांवर हेच केलं. तीन वर्षांची बहुतेक मुलं नियम बदलला की अडकतात, नवा नियम तोंडानं सांगता येत असूनही. चार-पाच वर्षांची पलटी मारतात. बाळ्याच्या हाताचंच हे मोठं भावंड. भाचीला तीन महिन्यांनी परत विचारा, पण मधल्या काळात शिकवू नका, म्हणजे गंमत कळेल.

ताई अंगणवाडीवाली, बुधवार, दुपारी ४:१०

माझ्याकडं पटावर तीन ते सहाची लेकरं, पण ताईच्या मागं शेपटासारखी दोन वर्षांची येतातच. त्यांना घालवून कुठं द्यायचं. आमचा शिकवण्याचा अभ्यासक्रम आला तोच 'आकार' नावाचा, त्यामुळं आकार काही आम्हाला सुटत नाहीत.

मी फरशीवर खडूनं तीन मोठे आकार काढते, एक लेकरू आत मावंल एवढे. "गोलात उडी" म्हटलं की सगळी गोलात, एकमेकांच्या अंगावर. मग म्हणते, "आधी गोल, मग चौकोन." चार वर्षांची बरोबर करतात. दोन वर्षांची शेपटं डायरेक्ट चौकोनात. शेवटचं ऐकलेलं तेवढंच राहतं त्यांच्याकडं. मी तीनदा ओरडून बघितलं, तरी तेच. मग युक्ती केली. तोंडानं म्हणत म्हणत चालायचं, "गोऽऽल, गोऽऽल, आता चौकोन." त्यांच्या तोंडात शब्द राहिला की पाय चुकत नाही. सर म्हणाले ती आवाजाची फळी हीच असंल.

दिवाळी झाली की माझी निम्मी लेकरं आई-बापासंगं कारखान्याला जातात, ऊसतोडीला. मागच्या साली एक आई परत आल्यावर म्हणली, कोपीपुढं (ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी) राखंनं गोल-चौकोन काढून पोरगी रोज उड्या मारायची, "ताई अशी म्हणती" म्हणून बाकीच्या लेकरांनाबी मारायला लावायची. तिला आकार तेव्हा धड काढता येत नव्हते. चौकोन निघायचा बटाट्यासारखा.

खडूफळा, बुधवार, संध्याकाळी ७:००

ताई, बटाट्यासारखा चौकोन सव्वालाखाचा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडेनात, म्हणून शिंपले, दगड, बिया, काड्या घेतल्या. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. सरकारची अंगणवाडी योजना पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला आली, शब्द मात्र तिथला. तुमची राख त्याच घराण्यातली.

दोन पिल्लं, गुरुवार, सकाळी १०:३५

फरशीवरच्या उड्या काल केल्या. धाकटी "पोळीत" उडी मारते. मोठा (सात वर्षांचा) तिला ओरडून शिकवतो, ती त्याचंच जास्त ऐकते. एक प्रश्न राहिला, मोबाईलवरचे आकारांचे खेळ चालतात का? ते रंगीत असतात, ती पटकन बोट लावते.

देगलूरकरीण, गुरुवार, दुपारी १:२०

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी तेवढं बरं. दोनच्या आत तर नकोच. आणि त्या खेळांत चूक झाली की आवाज येतो, बरोबर आलं की फटाके फुटतात. लेकरू फटाक्यांसाठी सगळीकडं बोट लावत सुटतं. त्यात धरून ठेवायला काय आहे? तेरणाकाठ ताई पहिल्याच पोस्टमध्ये डब्याबद्दल म्हणाल्या तेच.

बाभूळबन, गुरुवार, रात्री ८:४०

मी विरोधक होतो हे विसरू नका. पण सांगतो. पोरगी पावणेतीनची, जेवताना मोबाईल लागतोच. काल मोबाईल चार्जिंगला होता म्हणून ताटाखाली भाकरीचा तुकडा लपवला. "कुठं गेला?" उचकून काढला, खाल्ला. परत लपव. अशी अर्धी भाकरी गेली. बायको म्हणते रोज ताटाखालीच वाढा.

तेरणाकाठ, शुक्रवार, रात्री १०:०५

दोन दिवस लिहायला जमलं नाही. बुधवारी संध्याकाळी लाईट गेली ती दोन तास. बाळ्या अंधारात किरकिरायला लागला. हाताशी भाजीची पिशवी होती, त्यात पुठ्ठ्याचे आकार टाकले आणि त्याचा हात आत घातला. "त्रिकोण काढ." डोळ्यांचं कामच नाही. सुरुवातीला हाताला लागेल ते काढत होता. मग मी त्याचं बोट धरून कोपऱ्यांवरून फिरवलं, "हे टोचतंय ना? हे बघ, अजून एक टोचतंय." त्यानंतर तो आत हात घालून थांबायला लागला. चेहरा दिसत नव्हता, पण श्वास ऐकू येत होता, एखादं अवघड काम करताना घेतो तसा. त्रिकोण निघाला की "टोचतंय!" गोल निघाला की नुसता परत आत. लाईट आली तर नाराज झाला.

एक चूक माझीही सापडली. मी कायम टोक वर असलेला त्रिकोण दाखवत होते. उलटा धरला तर म्हणतो "नाही". लांबुडका कापला तर म्हणतो "चाकू". पिशवीत मात्र वर-खाली असं काही नसतं, तिथं लांबुडकाही टोचतो, उलटाही टोचतो. दोन दिवसांनी उजेडात उलटा दाखवला तर बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "टोचतंय." आता आमच्या घरात त्रिकोणाचं नाव तेच आहे. सासूबाईसुद्धा म्हणतात, "ते टोचतंय उचल रे."

आणि आज सकाळी उलटंच झालं. मी दूध गॅसवर ठेवून ओट्यापाशी, तर बाळ्यानं माझी साडी ओढून खाली बसवलं. दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली हळदीचं झाकण सरकवलं, दुसरीखाली टोचतंय. मला म्हणाला, "म्याँव कल." मी म्याँव केलं. "गोल कुथंय?" आणि खरं सांगते, मला आठवेना. माझं लक्ष दुधाकडं. मी डावी उचलली. त्यानं हात आपटले, "नाऽऽही!" आणि इतका हसला, इतका हसला की सासूबाई आतून धावत आल्या.

आजी ऑनलाइन, शुक्रवार, रात्री १०:२०

दुधाचं काय झालं?

तेरणाकाठ, शुक्रवार, रात्री १०:२२

गेलं की आजी. सगळ्या ओट्यावर.

ताई अंगणवाडीवाली, शनिवार, सकाळी ९:१५

ताई, पिशवीचा खेळ मी सोमवारी घेणार. वीस लेकरांना पुठ्ठा पुरंल असा कापायचा तर एका चपलांच्या खोक्यात किती आकार निघतात? आणि कोपरे गोलसर करायचे की तसेच ठेवायचे?

तेरणाकाठ, शनिवार, सकाळी ९:४०

मोठ्या माणसांच्या चपलेचं खोकं असेल तर तळहाताएवढे दहा-बारा निघतात, झाकण धरून. कोपरे अगदी टोकदार ठेवू नका, कात्रीनं किंचित टोक कापा, नाहीतर खरंच टोचतंय. आणि दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवा, एकेरी असला की तोंडात जाऊन लगदा होतो. आमचे पहिले तीन चौकोन असेच गेले.